लाल किनारीचा बोळा

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. मला बाविसावं लागलं होतं. संपाला वर्ष उलटून गेलं होतं, आणि आमच्या लालबागच्या चाळीत कोण सकाळी किती वाजता, हातात काय घेऊन आणि पायात काय घालून बाहेर पडतो यावर प्रत्येक दारातून एक डोळा असायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काही जण गुपचूप आत जायला लागले होते. आत म्हणजे गिरणीत. डबा पिशवीत खाली घालायचा आणि वर मेथीची जुडी ठेवायची, म्हणजे माणूस बाजारातून आल्यासारखा दिसतो, अशी एक युक्ती निघाली होती. युक्ती निघाली तसे ती ओळखणारेही निघाले. सकाळी सहा वाजता मेथीची जुडी घरातून बाहेर कोण घेऊन जातो?

आमच्या खोलीत आम्ही तिघंच होतो, आईबाबा आणि मी. बहिणीचं लग्न संपाच्या आदल्या वर्षी उरकलं होतं. बाबा साचेखात्यातले, म्हणजे कापड विणायच्या खात्यातले. अठरा वर्षं दोन साचे सांभाळले. संपात ते पहिल्या दिवसापासून होते आणि शेवटचा दिवस कुठला ते कोणी सांगितलंच नाही म्हणून ते शेवटपर्यंतही होते. भोंगा बंद पडल्याचा त्रास आईला जास्त झाला. तिचा सगळा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला पेज चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, दुसऱ्या भोंग्याला उतरवायची. भोंगा गेल्यावर तिची पेज कधी कच्ची राहायची, कधी खाली लागायची, आणि ती त्याचा राग तांदळावर काढायची. 'रेशनचो तांदूळ, तेका काय कळता,' म्हणायची. गावाहून कुळीथ यायचे, सोलं यायची. कुळथाची पिठी आणि भात, भात आणि कुळथाची पिठी. मी आजही पिठी खात नाही. सुनेला वाटतं मला पचत नाही.

बाबांना जुन्या वेळेलाच जाग यायची. उठून गॅलरीत बाकड्यावर बसायचे आणि जिन्याकडे बघत राहायचे. मी निघालो की विचारायचे.

"खंय चाललंस?"

"कामाक."

"खंयच्या कामाक?"

"माझगावाक. इंजिनाच्या."

"माझगावाक गिरणी नाय काय?"

एवढंच. पुढे काही नाही. रोज तेच तीन प्रश्न, रोज तीच दोन उत्तरं, आणि माझी उत्तरं रोज तीच असतात याचाही त्यांना संशय यायचा. मी माझे कॅनव्हासचे बूट दाराआड ठेवायचो आणि जिन्याखाली उतरल्यावर घालायचो. बूट म्हणजे आत जाणारा, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. बाबांनी ते दाराआडचे बूट पाहिले होते हे मला नंतर कळलं. आपण लपवतो ते घरच्यांना आधी दिसतं.

मी खोटं बोलत नव्हतो. अर्धं सांगत होतो. संपाआधी गिरणीत मी बदली होतो, म्हणजे कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी, पण साच्यावर नाही, हवेच्या खात्यात. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून साचेखात्यात गार, ओली हवा सोडावी लागते. तळघरात माणसापेक्षा उंच पंखे आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या रांगा. चौथी नापास पोराला दुसरं कोण कुठे घेणार, पण मला ते काम आवडायचं. वर हजार माणसं श्वास घ्यायची ती आम्ही खालून पाठवलेली हवा, असं मला वाटायचं. तिथल्या जुन्या फिटरने पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. पाइप उघडला की त्याच्या तोंडात वेस्टचा बोळा कोंबायचा. वेस्ट म्हणजे तुटलेल्या सुताचा गुंता. हात पुसायला, तेल टिपायला गिरणीभर तेच असायचं. बोळा नाही घातला तर हवेतला कापूस पाइपात जाऊन फवारे तुंबतात. आणि ज्याने बोळा घातला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. संपाच्या आधी त्या फिटरने मला एक छोटं पोतं भरून वेस्ट दिलं होतं. ते आमच्या माळ्यावर होतं. आई त्याने स्टोव्ह पुसायची आणि सकाळी मूठभर माझ्या पँटच्या खिशात कोंबायची.

कासमचाचा दाभोळकडचे. माझगावात गोदीच्या भिंतीला लागून त्यांचा गाळा. शेठ लोकांच्या हौसेच्या बोटी असतात, मासे धरायच्या नाहीत की माल न्यायच्या नाहीत, नुसत्या रविवारी फिरायच्या, त्यांची इंजिनं चाचा बघायचे. तेव्हा त्या बोटींत एसी बसवायचं खूळ निघालं होतं. चाचांना इंजिन पाठ होतं, एसी नव्हता. चिंचपोकळीला लेथवर काम करणारा माझा एक मित्र मला त्यांच्याकडे घेऊन गेला.

"थंडी हवा येते तुला?" चाचांनी विचारलं.

"येते," मी म्हणालो. हे पूर्ण खरं नव्हतं. गिरणीत आम्ही हवेत पाणी घालायचो, आणि एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. पण चाचांनी तेवढं खोलात विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चार महिन्यांत शिकलो. पुढे तीस वर्षं त्याच कामावर पोट भरलं.

ज्या बोटीची ही गोष्ट आहे ती अपोलो बंदरासमोर नांगरलेली असायची. पांढरी, लाकडी, आत दोन केबिन, तांबडे पडदे. बोटीचं नाव शेठच्या मुलीचं होतं, ते मी इथे लिहीत नाही. शेठ कसला धंदा करतो ते मी कधी विचारलं नाही. कोणी म्हणायचं केमिकल, कोणी म्हणायचं कापड. कापड असेल तर कुठल्या गिरणीचं? आमच्याच गिरणीचं असेल तर? बाबा वर्षभर ज्याच्याविरुद्ध उपाशी बसलेत त्याच्या बिछान्याखाली मी गार हवेचं यंत्र बसवतोय, असं निघालं असतं. म्हणून न विचारणं बरं. घरी मी बोटीचा शब्दही काढला नाही. शेठचा धंदा कोणता होता ते मला आजही माहीत नाही. आता सांगणारं कोणी उरलेलं नाही.

त्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, धर्मा. कुलाब्याच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, काळाभोर, डाव्या हाताची दोन बोटं दोरात गेलेली. पहिल्या दिवशी मी शिडीवरून चढलो तर त्याने नमस्कार नाही, काही नाही, माझ्या पायांकडे बोट केलं.

"बूट काढ. ही बोट हाय. गिरन नाय."

"इंजिनाजवळ अनवाणी कोण जातं?" मी म्हणालो. "पाय भाजेल."

"माजे भाजले का?"

मी बूट काढले नाहीत. चाचांनी डोळ्यांनी खुणावलं, तरी नाही. मला वाटलं, एकदा ऐकलं की हा रोज ऐकवणार. शेठ लोकांच्या नोकरांना शेठपेक्षा जास्त मिजास असते, हे मी ठरवूनच तिथे गेलो होतो. तेव्हापासून तो मला गिरणवाल्या म्हणायचा, आणि मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायचो. दुपारी तो तांदळाची भाकरी आणि सुका जवळा सोडायचा, तव्यावरचा कांदा त्यात असायचा, त्याचा वास अख्ख्या बोटीत पसरायचा. "घे रं," म्हणायचा. मी म्हणायचो, माझा डबा आहे. आणि समुद्राकडे तोंड करून बसायचो, कारण डब्यात पिठी-भाताशिवाय काही नसतं हे त्याला दिसायला नको होतं. मला खात्री होती की तो मला खायला घालून माझ्याकडून काहीतरी वदवून घेणार आहे. काय, ते मला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली होती. रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी धर्मा तांडेल खाली उतरायचा, डिझेलच्या टाकीचा खालचा नळ सोडायचा, एक बाटली भरायचा, वर येऊन उन्हात धरून बघायचा, आणि मग अंगरख्याखाली घेऊन पुढच्या बाजूला जायचा. रोज एक बाटली. मी कोणाला बोललो नाही. मनात नोंद ठेवली.

नवीन एसी बसवायचं काम आठवडाभर चाललं. असल्या बोटीत एसी आणि इंजिन दोघांनाही गार ठेवायला समुद्राचंच पाणी लागतं. बोटीच्या बुडाला एक भोक असतं, त्यातून पाणी आत येतं, एका जाळीच्या गाळणीतून जातं आणि इंजिनाच्या पंपाकडे जातं. त्या गाळणीपुढच्या पाइपातून मला एसीसाठी एक फाटा काढायचा होता. बुडाच्या भोकाचा कॉक बंद केला, पाइप मधोमध कापला. कापल्यावर त्याला दोन तोंडं झाली, एक गाळणीकडचं, एक पंपाकडचं. मी खिशातून वेस्ट काढलं आणि दोन्ही तोंडांत बोळे कोंबले. चाचा बघत होते. "हे काय?" म्हणाले. मी म्हणालो, "आमच्याकडे असंच करतात." मला त्याचा अभिमान होता.

फाटा जोडायची वेळ आली तेवढ्यात वरून तांडेलाची हाक आली. मी त्याआधी तेलाने काळे झालेले बूट घालून पुढच्या भागावर गेलो होतो, जिथे तो पूजेचा नारळ फोडायचा, आणि तिथे माझ्या बुटाचे तेलकट ठसे उमटले होते. तो एका हातात ओली चिंधी घेऊन उभा होता. आवाज चढवला नाही, पण जे बोलला ते माझ्या बापापर्यंत गेलं. तुझ्या बापाने शिकवलं नाय का, म्हणाला. मी म्हणालो, बापाला मध्ये आणू नको, तुझ्या बाटल्यांचं मला माहीत आहे. तो खाली वाकून ठसे पुसायला लागला.  मला वाटलं, लागला बाण. तणतणत खाली आलो. मी बोळा काढला, फाटा जोडला, नट आवळले.

रविवारी शेठ पाहुणे घेऊन आला. आठदहा माणसं, बायका, एक म्हातारी खुर्चीसकट उचलून आणली. चाचा वर सुकाणूजवळ होते, आणि एसीकडे लक्ष ठेवायला म्हणून मला केबिनच्या दाराशी उभं केलं होतं. मांडव्याकडे निघालो. केबिनमध्ये हवा इतकी गार झाली की म्हातारीने शाल मागितली. माझी छाती फुगली होती. दारं गच्च बंद होती, म्हणून आत इंजिनाचा आवाजही येत नव्हता. तेवढ्यात तांडेल सुकाणू सोडून मागे धावला, खाली वाकला आणि ओरडला, "बंद कर. इंजिन बंद कर." चाचांनी बंद केलं. मग वास आला, जळक्या रबराचा. मागच्या नळीतून समुद्रात जे पाणी थुंकलं जायला हवं ते थांबलं होतं. इंजिनाला पाणीच मिळत नव्हतं. वर सगळे गारव्यात बसले होते आणि पायाखाली इंजिन भाजत होतं.

मोठ्या जहाजांच्या वाटेत आम्ही दोन तास वाहत राहिलो. शेवटी एका मच्छीमार होडीने दोर टाकून ओढत आणलं. शेठ पाहुण्यांना घेऊन निघून गेला. शेठ बोलत नाही तेव्हा मॅनेजर बोलतो. मॅनेजर सफारीवाला, सगळं त्याच्या हातात. तो म्हणाला, "उद्या मला सांगायचं, हे कोणी केलं." कशाने झालं, असं त्याने विचारलं नाही.

आज मी कुठल्याही बोटीवर चढलो की आधी मागे जाऊन पाणी पडतंय का ते बघतो, मगच बाकीचं. ते कोणाकडून शिकलो ते माझ्या हाताखालच्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी माझं डोकं वेगळं चाललं. इंजिन बंद पडायच्या आधी याला कसं कळलं? आम्हाला कोणाला कळलं नाही, चाचांना नाही, यालाच कसं? ज्याने केलं त्यालाच आधी कळतं. रात्रभर मी हेच घोळवत राहिलो आणि सकाळपर्यंत ते मला दगडासारखं पक्कं वाटायला लागलं.

सोमवारी चाचांनी पंप उघडला. आतल्या रबरी पात्यांना काळा, तेलकट गोळा गुंडाळलेला होता. चाचांनी चिमट्याने ओढून काढला आणि फळीवर टाकला. "चिंधी आहे," म्हणाले. मॅनेजर वरून वाकून बघत होता.

"चिंधी कोणाकडे असते?" त्याने विचारलं.

चिंधी तांडेलाकडे असायची. त्याच्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तो बोट पुसायचा. मी कोणाकडे बघितलं नाही. मी मॅनेजरला म्हणालो, "साहेब, हा रोज टाकीतून डिझेल काढतो. बाटली भरून. मी बघितलंय. मी त्याला बोललो, म्हणून त्याने हे केलं."

धर्मा तांडेल तिथेच, चार हातांवर होता.  तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. चाचा म्हणाले, "अरे, थांब जरा," पण मॅनेजर थांबणारा नव्हता. पंधरा मिनिटांत तांडेलाने आपली टोपी, तवा आणि जवळ्याचा डबा पिशवीत भरला आणि छोट्या होडीतून किनाऱ्याला गेला. जाताना पुढच्या भागाला हात लावून कपाळाला लावला. तो गोळा मी माझ्या डब्याच्या वरच्या खणात ठेवला. पुरावा म्हणून. उद्या तांडेल चार माणसं घेऊन आला तर दाखवायला.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला घरी आलो. आईने डबा धुवायला घेतला आणि वरचा खण उघडला.

"ह्यां काय हाडलंस? मेल्लो उंदीर काय?"

बाबा बाकड्यावरून उठून आत आले. त्यांनी तो गोळा हातात घेतला. मी म्हणालो, चिंधी आहे, इंजिनातली, टाका. त्यांनी टाकली नाही. मोरीत बसून घासलेट ओतून चोळली, मग साबण लावून नळाखाली धरली. मी बघत होतो. त्यांची बोटं अशी चालत होती जशी मी वर्षभर पाहिली नव्हती. एक टोक धरायचं, सोडवायचं, दुसरं धरायचं. तेल निघालं तशी चिंधी चिंधी राहिली नाही. सुताचा गुंता निघाला. पांढरं सूत आणि मध्ये मध्ये लाल.

"ह्यां कापड नाय," बाबा म्हणाले. "ह्यां सूत." त्यांनी एक लाल धागा ओढून दिव्यासमोर धरला. "आमच्या धोतराच्या किनारीचां. ह्यो रंग दुसऱ्या मिलीत नाय. अठरा वर्सां मी ह्योच इणलंय."

मग माझ्याकडे बघितलं.

"तू आत जातंस."

विचारलं नाही. सांगितलं. आईच्या हातातला डबा तसाच राहिला. मला आठवतं, शेजारच्या खोलीतला रेडिओ कोणीतरी त्याच वेळी बारीक केला. भिंती अशा होत्या की ऐकू गेलं असणारच. हे उद्या जिन्यापर्यंत गेलं असतं आणि परवा नाक्यावर, आणि अमक्याचा मुलगा आत जातो म्हटल्यावर बाबांनी वर्षभर जे सोसलं ते एका दिवसात संपलं असतं.

"मी आत गेलंय नाय," मी म्हणालो.

"मगे ह्यां खंयसून इला?"

तेव्हा आई बोलली. "वायच थांबा. तां माळ्यावरच्या पोत्यातलां. संपाच्या आदी हाडलेला. मीच देतंय तेका रोज मूठभर." आणि स्टुलावर चढून तिने पोत्यातलं वेस्ट ओढून काढलं. पांढरं आणि लाल.

मग मी सगळं सांगितलं. बोट, शेठ, एसी, सगळं. इतके दिवस लपवलेलं एकदम बाहेर आलं. पाइप कसा कापला, बोळे कसे घातले. गिरणीत पाइप उघडला की एकाच बाजूचं तोंड उघडं पडायचं, दुसरी बाजू व्हॉल्व्हने बंद, म्हणून बोळाही एकच असायचा. हाताला एक काढायची सवय. हे मी बाबांना समजावून सांगत होतो, मी आत जात नाही हे पटवायला सांगत होतो, आणि सांगता सांगता माझी जीभ थांबली. दोन घातले होते. एक काढला होता.

बाबांच्या लक्षात माझ्या आधी आलं असावं. ते ओलं सूत पिळत होते.

"म्हणजे बोटीत तां तूच घातलंस."

मी मोरीच्या कडेवर टेकलो.

"आणि बोटीवालो काय म्हणता? कोणी केल्यान म्हणता?"

"तांडेलान."

"तो खंय आसा?"

"तेका काढून टाकल्यानी. आज."

"कोणाच्या सांगण्यान?"

स्टोव्हचा आवाज येत होता. आईने तो बंद केला, ऐकायला.

"सांग मा. कोणाच्या सांगण्यान?"

"माझ्या."

बाबांनी मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. सूत पिळून झटकलं, नीट गोळा केला आणि माझ्या हातात दिला. मग दाराआड वाकले, माझे बूट उचलले, आणि बाहेर गॅलरीत नेऊन ठेवले, जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे. म्हणजे माझ्यावरचा त्यांचा संशय गेला होता. ते बाकड्यावर जाऊन बसले आणि त्या रात्री उशिरापर्यंत आत आले नाहीत. मी जेवलो नाही. आईने पिठी झाकून ठेवली. मला राग आला होता, बाबांचा, आईचा, त्या लाल धाग्याचा. मी स्वतःला सांगत होतो की बोळा माझा असेल, पण डिझेल तर त्याने काढलंच. तेवढं एक धरून मी पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली बूट घालायची गरज नव्हती. गॅलरीतच घातले, सगळ्यांसमोर. बाबांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. अपोलो बंदराला पोचलो तर चाचा आधीच बोटीवर होते. मी त्यांच्यापुढे बोळा धरला आणि सांगितलं. त्यांनी बोळ्याकडे नीट पाहिलंही नाही. खाली गेले, टाकीचा नळ सोडून एक बाटली भरली, वर आणून उन्हात धरली.

"खाली बघ. काय दिसतं?"

डिझेलच्या खाली बोटभर पाणी साचलं होतं, गढूळ.

"टाकीत रोज पाणी उतरतं. ते रोज काढायचं असतं, नाहीतर इंजिन मरतं. वरचं डिझेल तो परत ओतायचा, पाणी फेकायचा. पांढऱ्या बोटीवर थेंब सांडू नये म्हणून बाटली अंगरख्याखाली धरायचा. तू कधी मागोमाग गेलास? कुठे नेतो बघायला?"

मी गेलो नव्हतो. बाटली अंगरख्याखाली गेली तिथेच मी बघणं थांबवलं होतं.

मॅनेजर आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं, होतं तसं. तो म्हणाला, "काल तुझ्या बोलण्यावर माणूस काढला, आज तुझ्या बोलण्यावर ठेवू?" चाचा म्हणाले, "तांडेल येईपर्यंत मी पंपाला हात लावणार नाही. आणि या पोराला मी काढणार नाही, एसी त्याने नीट बसवलाय. तुम्ही दुसरा मेकॅनिक बघा, तुमची मर्जी." मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. येत्या रविवारी शेठला पुन्हा फिरायला जायचं होतं. "आणा त्याला," म्हणाला. मी चाचांकडे बघितलं. चाचांनी पाना उचलला सुद्धा नाही.

"माझ्याकडे काय बघतोस? तू घालवलास, तू आण."

मी कुलाब्याच्या कोळीवाड्यापर्यंत चालत गेलो. तांडेलाचं घर विचारलं तर एका पोरीने बोटाने दाखवलं, दोऱ्यांवर बोंबील वाळत होते त्याच्या मागे. तो उंबऱ्यात बसून जाळं शिवत होता. मला बघून हात थांबला नाही.

"काय रं गिरणवाल्या. डिझेल शोधाला आलास? बघ, घर उघडं हाय."

"बोळा माझा होता," मी म्हणालो, आणि तो त्याच्यासमोर धरला. "दोन घातले होते. एक काढला. मी त्यांना सांगितलंय. तुम्हाला बोलावलंय."

त्याने बोळा घेतला नाही. आतून त्याची बायको बाहेर आली, ओल्या हातांनी, आणि माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"योच का तो बूटवाला?"

"योच," तो म्हणाला.

 मी खाली वाकलो. नाड्या ओल्या होऊन गच्च बसल्या होत्या, नखांनी सोडवाव्या लागल्या, आणि ते दोघं बघत असल्यामुळे जास्तच वेळ लागला. मी दोन्ही बूट काढले, तिच्या मासळीच्या टोपलीशेजारी दाराबाहेर ठेवले, आणि आत गेलो.